पगार कमी म्हणून नोकरी सोडताय? राजीनामा सगळ्यात शेवटी

पगारवाढीचं पत्र हातात पडतं, वाढ आठशे रुपयांची निघते आणि त्याच संध्याकाळी माणूस राजीनाम्याचा मेल पाठवतो. मग एकेक गोष्ट समोर यायला लागते. नोटीस पीरियड तीन महिन्यांचा आहे, ग्रॅच्युइटीला (नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम) चार महिने कमी पडतायत, घरच्यांचा दवाखान्याचा विमा बंद होणार आहे, आणि ज्या ऑफरच्या भरवशावर राजीनामा दिला ती फोनवरच होती. राग चुकीचा नसतो. कामाचा क्रम चुकलेला असतो.

हा लेख खासगी नोकरी करणाऱ्यांसाठी आहे: चाकण, भोसरी, वाळूज, अंबडच्या कारखान्यांतले, शहरातल्या छोट्या ऑफिसांतले, दुकानांतले आणि आयटी कंपन्यांच्या खालच्या पायऱ्यांवरचे. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

## १. पगार ‘कमी’ म्हणजे कुठल्या हिशोबाने?

तीन वेगळ्या अडचणींना आपण एकच नाव देतो, आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली अडचण म्हणजे पगार किमान वेतनापेक्षाही कमी असणं. महाराष्ट्रात किमान वेतन उद्योगानुसार, कामाच्या कौशल्यानुसार आणि परिमंडळानुसार (भागानुसार पाडलेल्या विभागानुसार) ठरतं. त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. तुमच्या उद्योगाचा चालू दर कामगार विभागाच्या संकेतस्थळावर किंवा सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात मिळतो. पगार त्याखाली असेल तर नोकरी सोडा वा राहा, फरकाची रक्कम तुमचीच आहे. नुसतं निघून गेलात तर ती तिथेच सोडून जाल.

दुसरी म्हणजे, त्याच कामाला बाजारात जास्त मिळतंय. हे एका मित्राच्या सांगण्यावरून ठरवू नका. तुमच्याच पदाच्या, तुमच्याच शहरातल्या, तुमच्याइतक्याच अनुभवाच्या किमान पाच जागा बघा आणि दोन ठिकाणी मुलाखत देऊन या. लोक पगार सांगताना कोणी हातात पडणारा सांगतो, कोणी सीटीसी (कंपनीचा तुमच्यावर होणारा वर्षाचा एकूण खर्च), त्यामुळे तुलना करताना दोन्हीकडे तोच आकडा धरलाय ना, हे बघा.

तिसरी जास्त अवघड आहे. पगार बाजारभावाने ठीक आहे, पण त्यात घर चालत नाही. अशा वेळी तेच काम दुसऱ्या कंपनीत केलं तर फार तर दोन-तीन हजारांचा फरक पडेल. इथे कामच बदलावं लागतं. डेटा एंट्रीवरून टॅली आणि जीएसटीकडे जा, हेल्परवरून सीएनसी ऑपरेटरकडे जा. ती तयारी हातातला पगार चालू ठेवूनच करा.

तपासा: तिन्हींपैकी तुमची अडचण कोणती, हे एका वाक्यात लिहिता येतंय का? येत नसेल तर पुढचा टप्पा घेऊ नका.

## २. कोणाला कळायच्या आधी कागद गोळा करा

राजीनामा दिल्यावर कंपनीचा मेल आणि एचआरचं पोर्टल कधी बंद होईल सांगता येत नाही. काही ठिकाणी तर त्याच दिवशी होतं. म्हणून आत्ताच स्वतःच्या जवळ हे उतरवून ठेवा:

- नेमणूकपत्र, कायम केल्याचं पत्र आणि प्रत्येक पगारवाढीचं पत्र
- गेल्या बारा महिन्यांच्या पगारस्लिपा, आधीच्या वर्षांचे फॉर्म १६
- शिल्लक रजांचा तपशील, तारीख दिसेल असा
- पीएफचं पासबुक, आणि यूएएनला (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) आधार, पॅन, बँक खातं जोडलेलं असल्याची खात्री
- बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) किंवा ट्रेनिंग करारावर सही केली असेल तर त्याची प्रत

हे सगळे तुमचे कागद आहेत. कंपनीच्या ग्राहकांची यादी, ड्रॉइंग, दरपत्रकं मात्र घेऊ नका. त्यावरून खटला होऊ शकतो आणि मग तुमची रास्त बाजूही कोणी ऐकत नाही.

पीएफच्या पासबुकात तुमच्या पगारातून कापलेली रक्कम दर महिन्याला जमा झालीय का, ते एकेक महिना बघा. स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात भरणा नाही, असं छोट्या कंपन्यांत आणि ठेकेदारांकडे घडतं. यूएएनवरचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळत नसेल तर ती दुरुस्तीही आत्ताच करून घ्या. एकदा बाहेर पडलात की जुन्या मालकाच्या मंजुरीसाठी हेलपाटे घालावे लागू शकतात.

इशारा: मूळ मार्कशीट किंवा डिग्री कंपनीने ठेवून घेतली असेल तर ती राजीनाम्याआधी परत घ्या. बँकेचं काम, पासपोर्ट, पुढचं शिक्षण, खरं असेल ते कारण लेखी द्या आणि मागा.

ठेकेदारामार्फत काम करत असाल तर तुमचा मालक नेमणूकपत्रावर ज्याचं नाव आहे तो आहे. गेटवर ज्या कंपनीचा बोर्ड आहे ती नव्हे. राजीनामा, पीएफ, हिशोब, सगळं त्या नावाशी होणार.

## ३. बाहेर पडल्याने काय सुटेल, त्याचा हिशोब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडा वेळ द्या.

ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत सलग पाच वर्षं पूर्ण झाली की ती मिळते. सूत्र असं: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. मूळ वेतन १५,००० असेल तर पाच वर्षांचे ४३,२६९ रुपये होतात.

समजा तुम्हाला साडेचार वर्षं झालीत आणि नव्या ठिकाणी महिन्याला ६,००० जास्त मिळणार आहेत. सहा महिने थांबलात तर ३६,००० बुडतात, पण ४३,२६९ पदरात पडतात. थांबणं परवडतं. फरक १०,००० चा असेल तर सहा महिन्यांत ६०,००० बुडतात. तेव्हा ग्रॅच्युइटीसाठी अडून राहू नका.

नोटीस पीरियडही नोकरीतच मोजला जातो. दोन महिन्यांची नोटीस असेल तर राजीनामा चार वर्षं दहा महिने झाल्यावर द्यायचा, म्हणजे शेवटचा दिवस पाच वर्षांच्या पलीकडे जातो. दोन-चार दिवस जास्तीचे ठेवा. चार वर्षं आणि २४० दिवस भरले तरी पुरतं, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. पण अनेक कंपन्या तो आपण होऊन मानत नाहीत. त्याच्या जोरावर तारीख ठरवू नका.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनी दोन गोष्टी बदलल्या. ठरावीक मुदतीच्या करारावर नेमलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला. आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम वेतनातच धरायची, असं ठरलं. ज्यांचं मूळ वेतन कंपनीने मुद्दाम कमी ठेवलंय, त्यांना याचा फायदा आहे.

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. हा मुद्दा जवळपास कोणीच धरत नाही. २१,००० पर्यंत वेतन असणाऱ्याला ईएसआय लागू असतो. स्वतःच्या पगारातून फक्त ०.७५ टक्के जातात आणि घरच्यांच्या उपचारांचीही सोय होते. समजा २०,००० वरून तुम्ही २४,००० वर गेलात. वाढ चार हजारांची, पण ईएसआय गेला. आईचं डायलिसिस किंवा वडिलांचं हृदयाचं औषधपाणी ईएसआयमधून चालू असेल तर हे चार हजार वाढ म्हणून मोजताच येत नाहीत. हक्क त्याच दिवशी संपत नाही: एप्रिल ते सप्टेंबरच्या भरण्याचा लाभकाळ पुढच्या जानेवारी ते जून असतो, ऑक्टोबर ते मार्चच्या भरण्याचा जुलै ते डिसेंबर. ही मुदत संपण्याआधी दुसरा विमा उभा करा.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर तो बहुधा शेवटच्या दिवशीच बंद होतो. नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे नोकरी चालू असतानाच लेखी विचारून घ्या.

बाळंतपण. २६ आठवड्यांच्या भरपगारी रजेसाठी प्रसूतीच्या संभाव्य तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे ८० दिवस काम झालेलं लागतं. मूल होण्याचा विचार चालू असेल तर नोकरी बदलण्याची तारीख या अटीसमोर ठेवून बघा.

बोनस. वेतन २१,००० पर्यंत असेल आणि आर्थिक वर्षात किमान ३० दिवस काम केलं असेल तर कायद्याचा ८.३३ टक्के बोनस मिळतो. मार्चपर्यंत काम करून जूनमध्ये बाहेर पडलात तरी त्या वर्षाचा बोनस दिवाळीला तुम्हाला मिळालाच पाहिजे. ‘आता हजेरीपटावर नाहीस, म्हणून नाही’ हे उत्तर या बोनसला लागू नाही. कंपनीचा स्वतःचा इन्सेंटिव्ह वेगळा. त्याच्या पत्रात ‘पैसे देण्याच्या तारखेला नोकरीत असणे आवश्यक’ अशी ओळ असते, तेव्हा ते पैसे खात्यात पडल्यावरच राजीनामा द्या.

कर्ज. येत्या सहा महिन्यांत गृहकर्ज घ्यायचं असेल तर आधी कर्ज मंजूर होऊन रक्कम मिळू द्या. नव्या नोकरीच्या पहिल्या महिन्यांत बँका कागद जास्त मागतात.

तपासा: दुसरी नोकरी हातात नसताना सोडायची वेळ आलीच, तर हप्ते, भाडं, शाळेची फी आणि किराणा धरून किमान सहा महिन्यांचा खर्च बँकेत आहे का? जिवाला धोका, छळ किंवा पगारच थकलेला असेल तर हा नियम मोडावा लागतो, आणि तो मोडणं बरोबर आहे. नुसता पगार कमी असेल तर मोडू नका.

## ४. एकदा नीट पगारवाढ मागा

बरेच जण न मागताच सोडतात. मागणाऱ्यांतले बरेच जण ‘घरखर्च भागत नाही’ एवढंच सांगतात. मालकाला तुमचा घरखर्च ठरवायचा नसतो. तुमच्या जागी माणूस आणायला किती पडेल, हे तो बघतो. म्हणून बोलताना कामच मांडा: दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे फक्त खरेदीची बिलं होती, आज जीएसटी रिटर्न आणि दोन गोदामांचा स्टॉक आहे, या कामाला बाजारात एवढे मिळतात, मला एवढे हवेत. आकडा सांगा आणि थांबा.

वार्षिक वाढीची बैठक मार्च-एप्रिलमध्ये असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत बोला. यादी वर गेल्यावर तुमच्या साहेबांच्याही हातात फारसं उरत नाही. ‘बघू’ असं उत्तर आलं तर तारीख विचारा, आणि झालेलं बोलणं दोन ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठवा.

इशारा: खोटी ऑफर दाखवून पगार मागू नका. आणि ‘नाही दिलं तर सोडतो’ हे वाक्य हातात लेखी ऑफर असल्याशिवाय उच्चारू नका. सांगितलेली तारीख उलटून गेली की पुन्हा आठवण करत बसू नका. पुढच्या टप्प्याला लागा.

## ५. ऑफर आली की ती उलगडून बघा

सीटीसी आणि हातात पडणारी रक्कम यांत मोठी दरी असते. ४,२०,००० ची ऑफर घ्या. महिन्याला ३५,००० वाटतात. आता त्यातून वजा करत जा:

- कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, १० टक्के: ४२,०००
- मालकाचा पीएफ, महिन्याला १,८०० प्रमाणे: २१,६००
- ग्रॅच्युइटीची तरतूद: सुमारे १०,१००
- विम्याचा हप्ता, समजा ६,०००

उरले ३,४०,३००, म्हणजे महिन्याला सुमारे २८,३५०. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसायकर २०० गेला की हातात २६,३५० च्या आसपास. आयकर यात नाही. व्यवसायकर फेब्रुवारीत ३०० असतो आणि महाराष्ट्रात २५,००० पर्यंत वेतन असलेल्या महिलांना तो माफ आहे.

यानंतर जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च धरा. चाकणच्या कारखान्यात बस आणि कॅन्टीन कंपनीचं आहे, नवी जागा खराडीला आहे आणि दोन्ही सोयी नाहीत. पेट्रोल ३,००० आणि जेवण २,००० धरलं तर पाच हजारांची वाढ तिथेच जिरते, वर रोजचे दोन तास. घरात लहान मूल किंवा म्हातारी माणसं असतील तर त्या दोन तासांची किंमत पैशांपेक्षा मोठी असते. ती घरच्यांना विचारूनच ठरवा.

मग ऑफर लेटर शब्दन् शब्द वाचा. पद, रुजू होण्याची तारीख, ठिकाण, प्रोबेशनचा काळ, त्या काळातली नोटीस, बाँड, आणि जॉइनिंग बोनस असेल तर तो किती महिन्यांत सोडल्यास परत करावा लागेल. जुन्या नोटिशीचे पैसे नवी कंपनी भरणार असेल तर ते वाक्य पत्रातच हवं. एचआरने फोनवर सांगितलेलं पुढे कोणाला आठवत नाही.

कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर आणि पीएफच्या आस्थापना-शोधात टाकून बघा. नोंदणी, लॅपटॉप, ट्रेनिंग, अनामत, कुठल्याही नावाने आधी पैसे मागितले तर ती नोकरी नव्हे, फसवणूक आहे. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

बाँडबद्दल. ‘सोडल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात काम करायचं नाही’ अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. पण ‘अमुक वर्षं राहीन, नाहीतर एवढी भरपाई देईन’ हे टिकू शकतं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा २ लाखांचा बाँड वैध ठरवला. म्हणून ‘बाँडला कोर्टात किंमत नसते’ हे ऐकीव वाक्य विसरा आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाला कागद दाखवूनच पाऊल टाका.

## ६. राजीनामा

सही-शिक्क्याचं किंवा कंपनीच्या अधिकृत मेलवरून आलेलं पत्र हातात आलं, तुम्ही ते लेखी स्वीकारलं, आता राजीनामा. आधी साहेबांना समोर बसून सांगा आणि त्याच दिवशी मेल करा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको. मेलची प्रत स्वतःच्या खासगी मेलवरही ठेवा. मजकूर एवढाच पुरे:

> मी दि. … पासून … या पदावर काम करत आहे. वैयक्तिक कारणास्तव मी या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रानुसार नोटीस कालावधी … दिवसांचा असून माझा कामाचा शेवटचा दिवस दि. … असेल. राजीनामा मिळाल्याची आणि शेवटच्या दिवसाची लेखी पोच द्यावी, ही विनंती.

पगार, अन्याय, साहेबांचा स्वभाव यातलं काही त्यात लिहू नका. पगार थकलेला असेल किंवा किमान वेतनाची तक्रार असेल तर तिचं पत्र वेगळं द्या. थकबाकी नसल्याचं लिहून द्यायला सांगितलं तर पैसे मिळेपर्यंत सही करू नका.

तपासा: नोटीस पूर्ण केली नाही तर कपात मूळ वेतनावर होणार की एकूण पगारावर, हे नेमणूकपत्रात कुठल्या शब्दांत आहे? रकमेत दुपटीचा फरक पडतो. शिल्लक रजा नोटिशीत वळत्या करता येतात का, तेही तिथेच बघा.

## ७. नोटिशीचे दिवस

‘थांब, आम्ही तेवढाच पगार देतो’ असं आता सांगितलं जाईल. माझं मत स्पष्ट आहे: चौथ्या टप्प्यात मागूनही दिलं नव्हतं, तर आता दिलेलं घेऊ नका. थांबायचंच असेल तर नवा पगार कंपनीच्या पत्रावर आणि चालू महिन्यापासून लागू झालेला हवा. नव्या कंपनीला त्याच दिवशी नकार कळवा, त्यांना रुजू होण्याच्या तारखेपर्यंत झुलवत ठेवू नका.

सोपवण्याच्या कामांची यादी करा: काय चालू आहे, फाइल कुठे, कोणाला समजावलं, कधी. ज्याला सोपवलं त्याची मेलवर पोच घ्या. लॅपटॉप, ओळखपत्र, सिमकार्ड, गेटपास, अवजारं परत केल्याच्या प्रत्येक पावतीचा फोटो ठेवा. पुढे हिशोब अडला की ‘अमुक वस्तू जमा नाही’ हेच कारण बहुतेक वेळा पुढे येतं.

शेवटचे आठवडे दांडी मारून गायब होणं सगळ्यात महाग पडतं. अनुभवपत्र अडतं, आणि नव्या कंपनीच्या पडताळणीत ते उघडं पडतं. पीएफच्या नोंदीत नोकऱ्यांच्या तारखा दिसतात, त्यामुळे मधली नोकरी लपवणंही आता चालत नाही.

## ८. हिशोब आणि पीएफ

राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करावं, असं वेतन संहितेत आहे. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते. प्रत्यक्षात अनेक कंपन्या महिना-दीड महिना लावतात, म्हणून शेवटच्या दिवशीच मेलवर तारीख मागून घ्या. हिशोबाच्या कागदात शेवटच्या महिन्याचा पगार, रजांचे पैसे, बोनस, ग्रॅच्युइटी आणि प्रत्येक कपातीचं कारण वेगळं दिसायला हवं.

पैसे आले नाहीत तर आधी आठवणीचा मेल, मग रजिस्टर पोस्टाने पत्र, आणि तरीही उत्तर नाही तर नेमणूकपत्र, पगारस्लिपा, राजीनाम्याची पोच घेऊन सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी अर्ज. अधिकाराच्या पदावर असाल आणि तिथे अर्ज बसत नसेल तर वकिलामार्फत नोटीस.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर आधीच्या कंपनीत मिळालेला पगार आणि कापलेला टीडीएस (पगारातूनच भरलेला आयकर) नव्या कंपनीला कळवा. नाही कळवलं तर दोन्ही कंपन्या प्रमाणित वजावट (पगारातली करातून सुटणारी ठरावीक रक्कम) आपापल्या परीने धरतात आणि रिटर्न भरताना कर व्याजासकट तुमच्या अंगावर येतो.

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेल्या पीएफवर कर लागतो, आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवा मोजताना मधला तुकडा गळतो. नव्या कंपनीला जुनाच यूएएन द्या, दुसरा काढू देऊ नका. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः पोर्टलवर भरता येते. रक्कम वळती झाल्यावर नव्या पासबुकात तुमचा आणि मालकाचा, दोन्ही हिस्से आलेत का ते बघा. पेन्शनचे पैसे तिथे आलेले दिसत नाहीत, फक्त सेवेचा काळ पुढे जोडला जातो. तो सेवा-इतिहासात दिसेपर्यंत जुनं पासबुक जपून ठेवा.